काहीच न घडल्याची बातमी

दचकू नका. बोलतेय ती मीच, कॉर्डेल फॉल्सच्या मेन स्ट्रीटवर, मार्लिसच्या खाणावळीच्या दाराशी उभी असलेली निळी पेटी. चार पाय, पोटात वर्तमानपत्राच्या चाळीस अंकांची जागा, छातीवर काच आणि कपाळावर नाणी टाकायची चीर. नाणी टाकून मूठ ओढली की माझं दार उघडतं. आत अख्खा गठ्ठा असतो. कुणी दहा अंक उचलले तरी मी त्याचा हात धरू शकत नाही. तरी गिऱ्हाईक एकच उचलतं आणि दार लावून पुढं जातं. शेजारच्या शीतपेयाच्या यंत्राला याचं फार हसू यायचं. ते मोजून एकेक बाटली सोडतं. त्याचा धंदा वेगळा, माझा वेगळा.

माझा जन्म टेक्सासातल्या पत्र्याच्या कारखान्यातला. मिनेसोटाच्या थंडीत आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात माझं दार असं गोठलं की 'कुरिअर' या आमच्या वर्तमानपत्राच्या माणसानं मला गरम पाण्यानं अंघोळ घातली. शाळा काही शिकले नाही. रोज पहाटे एक अंक काचेत लावला जायचा, त्याच्यावरूनच वाचायला शिकले आणि धंदाही शिकले. वादळ खपतं. युद्ध पहिले तीन दिवस खपतं. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक नुसतं हवामान बघून आत कॉफीला जातं. नव्व्याण्णवच्या वसंतात युद्धातून पळालेली कोसोवोची माणसं गाठोडी घेऊन माझ्या काचेत महिनाभर चालत होती. पहिल्या आठवड्यात बायका काचेसमोर थांबून उसासे टाकायच्या. पुढं त्याच काचेत बघून टोपी सारखी करायच्या. मी कुणाला नावं ठेवत नाही. माणसाच्या काळजात तरी जागा किती असणार?

पण त्या वर्षी एक बातमी अशी होती की ती दर पंधरा दिवसांनी आली तरी खपायची. वाय-टू-के! कम्प्युटरांना साल दोनच आकड्यांत कळतं, दोन हजार साल उजाडलं की ते शून्य समजतील, विमानं पडतील, दिवे जातील. समोरच्या हार्डवेअर दुकानाच्या व्हर्ल हॉगलंडनं तर या बातमीवर चाळीस जनरेटर विकले. रोज सकाळी माझ्याकडून अंक घेऊन तो दुकानाच्या दारावर चिकटवायचा. धंद्यातली माणसं मी ओळखते. व्हर्ल पक्का होता, पण मनाचा वाईट नव्हता.

लोइस एंगब्रेटसन माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकाहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. नोकरीत असताना गावच्या वीजघरात ती कम्प्युटरचं काम बघायची. एप्रिलातल्या एका सकाळी तिनं अंक घेतला, माझ्या डोक्यावर पसरून वाचला आणि तिथंच उभी राहिली. मागून ऑर्विल ट्वाइट आला. वीजघरातल्या बॉयलरांचा मुख्य माणूस. पेन्शनीला दोन वर्षं उरलेली.

"काय गं लोइस, जग बुडतंय का आज?"

"ऑर्विल, बॉयलरची तपासणी होऊन वर्ष उलटलं की भट्टी आपोआप बंद पडते ना?"

"पडते. चांगली सोय आहे."

"ती सोय माझी. एकाहत्तर साली मी लिहिली. साल लिहायला दोनच आकडे ठेवले. तेव्हा भोकं पाडलेल्या कार्डांवर एकेका अक्षराची मारामार होती. मला वाटलं, दोन हजार सालापर्यंत हे यंत्र भंगारात गेलेलं असेल."

"चालू असलेली वस्तू बदलायची? आपल्या गावात?" ऑर्विल हसला. मग त्याचं हसू विरलं. "म्हणजे एक जानेवारीला..."

"शून्य आणि नव्व्याण्णव यांत यंत्राला नव्व्याण्णव वर्षांचं अंतर दिसेल. तिन्ही भट्ट्या बंद."

"पुन्हा पेटवू की."

"पेटवलीस की परत विझवेल. हट्टी आहे. माझ्यावर गेलंय."

मेन स्ट्रीट, शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम, सगळ्यांची ऊब त्याच वीजघराच्या वाफेवर. आणि जानेवारीत आमच्याकडे पारा उणे तिसापर्यंत उतरतो. वृद्धाश्रमात तेव्हा बासष्ट माणसं होती. त्यातली एक लोइसची थोरली बहीण.

लोइस नगरपालिकेत गेली. तिथला तरुण व्यवस्थापक ब्रेंट रोज मार्लिसकडे नाश्त्याला यायचा; परत येताना दोघं बोलत बोलत माझ्यापाशी थांबले.

"मिसेस एंगब्रेटसन, शहरातली कंपनी येऊन सगळं तपासून गेली. शिक्का मारलाय त्यांनी."

"त्यांनी ऑफिसातले कम्प्युटर तपासले रे बाळा. तळघरात उतरलं का कुणी?"

"तळघरात कम्प्युटर आहे?" ब्रेंटनं विचारलं.

लोइसनं डोळे मिटले. मीही मिटले असते.

ती भांडली नाही. आमच्या गावात भांडत नाहीत, पुन्हा जातात. ती पाच वेळा पुन्हा गेली, आणि शेवटी ऑक्टोबरात एका चाचणीची परवानगी मिळाली. मंगळवारी दुपारी ऑर्विल आणि तिनं तळघरातल्या यंत्राला सांगितलं, समज की आज एक जानेवारी दोन हजार आहे. सांगितल्याबरोबर तिन्ही भट्ट्या विझल्या. तारीख पूर्ववत करून त्या पेटवेपर्यंत चार तास गेले. शाळा सोडून द्यावी लागली. मार्लिसच्या खाणावळीत माणसं कोट घालून सूप पीत बसली.

तुम्हाला वाटेल, आता तरी गावाला पटलं असेल. दुसऱ्या दिवशीचा अंक माझ्या काचेत होता. वर पाकिस्तानात लष्करानं सत्ता घेतल्याची बातमी, मधे पृथ्वीवर सहा अब्ज माणसं झाल्याची, आणि खाली चौकटीत आमची बातमी: 'निवृत्त बाईंच्या प्रयोगानं गाव गारठलं.'

व्हर्ल अंक घ्यायला आला तेव्हा लोइस समोरच होती.

"काय लोइस, तीस वर्षं बिनतक्रार चाललेलं यंत्र एका दुपारी बिघडवून दाखवलंस! कमाल आहे बाई तुझी."

"मी बिघडवलं नाही व्हर्ल. ते आधीपासून..."

"असू दे, असू दे. माझे तीन जनरेटर खपले काल. तुला नाताळात एक हॅम माझ्याकडून बक्षीस."

माणसं हसली. आपल्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग लोइसनं गिळला. तो मला अजून ऐकू येतो. 'ते आधीपासून माझ्याच हातानं बिघडलेलं होतं.' हे म्हणायला ती तयार होती, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. त्याच संध्याकाळी नगरपालिकेनं ठराव केला: यापुढं वीजघरात बाहेरच्या माणसाला बंदी. आत घेणाऱ्याची नोकरी जाईल.

दोन दिवस लोइस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती ऑर्विलबरोबर. माझ्या डोक्यावर कोपर टेकून तो म्हणाला, "सकाळी सहा ते आठ पाळीवर मी एकटाच असतो. मागचं दार नीट लागत नाही. मी कितीदा सांगितलं, कुणी दुरुस्तच करत नाही."

"ऑर्विल, तुझी पेन्शन."

"माझी आई आहे वृद्धाश्रमात. तिला गार हात चालत नाहीत."

मग सुरू झालं. वीजघरातून ऑर्विलनं यंत्रातल्या आज्ञांचा छापील गठ्ठा आणून दिला, पडद्यासारखा घड्या घातलेला. मार्लिसनं खाणावळीतलं खिडकीजवळचं मागचं बाकडं लोइसला देऊन टाकलं आणि कुणी विचारलं तर सांगायची, "विणकामाचा नमुना आहे." लोइस पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची. जिथं जिथं साल आलं तिथं लाल खूण. खुणा वाढत गेल्या. पाच, आठ, अकरा. सकाळी सहानंतर ती रस्ता ओलांडून वीजघराकडं जायची, आठला परत यायची, आणि माझ्याकडून अंक घेऊन घरी. रोज, बर्फात, काठीशिवाय. बाहेर जगात केवढ्या गोष्टी चालल्या होत्या! ओरिसात चक्रीवादळ आलं, सिएटलमध्ये दंगल झाली. लोइस वरचा मथळा वाचायची, "बिचारे" म्हणायची आणि चालू लागायची.

बारा ठिकाणं दुरुस्त झाली. बावीस डिसेंबरला ती वीजघराकडून आली तेव्हा चेहरा पांढरा.

"तेरावं सापडलं," ती मार्लिसला दारातच म्हणाली. "लीप वर्षाचं. दोन हजारला फेब्रुवारीत एकोणतीस दिवस असतात हे मी यंत्राला सांगितलंच नव्हतं. तेरावं राहिलं असतं तर फेब्रुवारीत गोठलो असतो सगळे."

"चौदावं नाही ना गं?"

"नाही." मग बुटांवरचं बर्फ झटकत, "नसावं."

त्या 'नसावं'वर आम्ही नऊ दिवस काढले. आठवडाभर माझ्या काचेत कंदाहारच्या धावपट्टीवर उभं राहिलेलं भारतीय विमान होतं. त्या खिडक्यांमागच्या माणसांकडं बघून लोइस एकदा म्हणाली, "वाट बघणं सगळीकडं सारखंच असतं."

एक जानेवारी. शनिवार, पारा उणे बावीस. कोवळं ऊन पडलं होतं, आणि रस्त्याच्या झाकणांतून वाफ निघत होती, रोजच्यासारखी. माझ्या काचेत रशियाच्या अध्यक्षांचा राजीनामा, कंदाहारहून सुटलेले प्रवासी, आणि त्या सगळ्यांवर मोठ्या अक्षरांत: 'काहीच झालं नाही!'

हा अंक चाळीसच्या चाळीस खपला. गर्दीत व्हर्लही होता, पण त्याचं तोंड पडलेलं. त्याच्या दुकानासमोर माणसं जनरेटर परत करायला उभी होती.

"बघितलंस लोइस?" तो म्हणाला. "नुसता भोपळा! वर्षभर सगळ्यांनी आपल्याला उल्लू बनवलं. मला बनवलं आणि तुलाही. केवढी धावपळ केलीस तू! कशाला?"

ऑर्विलनं तोंड उघडलं. लोइसनं त्याच्या बाहीला हलकेच हात लावला. बोलली असती तर मागच्या दाराची गोष्ट निघाली असती, आणि दाराबरोबर ऑर्विलची पेन्शन.

"खरंय व्हर्ल," ती म्हणाली. "काहीच झालं नाही."

अंक घेऊन, तो छातीशी धरून ती वृद्धाश्रमाच्या दिशेनं गेली.

पुढं वर्षानुवर्षं तेच. गावात कुणी उगाच घाबरलं की व्हर्ल म्हणायचा, "लोइससारखं करू नका!" माणसं हसायची, लोइसही हसायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल माझ्या काचेत एका सकाळी दोनदा बदलला, आणि मोठमोठे छापखानेसुद्धा घाईत चुकतात हे मला कळलं. पुढच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले. त्या बुधवारी सात वाजायच्या आत मी रिकामी झाले. रांग लागली होती, आणि एकानंही दोन अंक उचलले नाहीत. हे मात्र कुठंच छापून आलं नाही.

ऑर्विल पेन्शनीत गेला. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये लोइस गेली.

आमच्याकडं म्हातारी माणसं आपल्या मृत्यूची बातमी आपणच लिहून टेबलाच्या खणात ठेवतात. छापखान्यानं चुका करू नयेत म्हणून. लोइसची आठव्या पानावर आली. व्हर्लनं दार उघडलं, अंक काढला, दार तसंच धरून वाचू लागला. शेजारी ऑर्विल होता. व्हर्ल मोठ्यानं वाचत होता, तो मधेच हळू झाला.

"'...एकाहत्तर साली वीजघरात माझ्या हातून एक चूक झाली. नव्व्याण्णव साली ती मी दुरुस्त केली. तेरा ठिकाणी होती. एका माणसानं मदत केली. तो आता पेन्शनीत सुखरूप आहे, म्हणून लिहिते. अंत्यविधीनंतर जेवायला चर्चमध्ये या. कॉफी पातळ असेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.'"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"खरं का रे हे?" व्हर्लनं विचारलं.

"खरं."

"म्हणजे ऑक्टोबरात भट्ट्या विझल्या, त्या..."

"जानेवारीत विझायच्या होत्या, त्या."

"सहा वर्षं मी तिला चिडवलं ऑर्विल. मला सांगितलं का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. आणि तू तरी कधी विचारलंस? तू सांगत होतास."

व्हर्लनं टोपी काढली. मग त्यानं काचेतला अंक बाहेर काढला. पहिल्या पानावर बगदादची बातमी होती. त्यानं पानं उलटून आठवं पान वर आणलं, गुडघ्यावर ठेवून घडी सारखी केली, आणि तो अंक परत काचेत लावला. जरा तिरका लागला.

'कुरिअर'चा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्यानं ते पाहिलं, आणि तो अंक तसाच राहू दिला. चार दिवस माझ्या काचेत जगाची एकही बातमी नव्हती. गिऱ्हाईक थांबायचं, वाचायचं, नाणी टाकायचं. माझ्या आयुष्यात तेवढं खपलेलं आठवं पान दुसरं नाही.

आता 'कुरिअर' छापत नाहीत. बातम्या खिशातल्या काचेत येतात. माझं नाण्यांचं कुलूप काढून टाकलंय. मार्लिसच्या लेकीनं माझ्या पोटात हातमोजे आणि लोकरीच्या टोप्या भरून ठेवल्यात. ज्याला थंडी वाजेल त्यानं घ्यावं. पायांना गंज चढलाय. पण उभी आहे, आणि धंद्याची सवय जात नाही, म्हणून तुमच्याकडं एक मागते.

तुमच्याही गावात एखादं वर्ष असं सरत असेल की पहिल्या पानावर छापायला काही नाही. पूल उभा आहे, पाणी गोड आहे, दवाखान्यात दिवे आहेत. अशा वर्षी कुणा म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा, त्याला कॉफी पाजा, आणि ते हयात आहे तोवर विचारा: "यंदा काय काय होता होता राहिलं?"