अडुसष्टच्या जागी त्रेसष्ट

मी बायबलचा एक जुना संदर्भग्रंथ बोलतोय. माझ्यात गोष्टी नाहीत, नुसते आकडे आहेत. बायबलमधलं कुठलंही वचन घ्या. त्याच अर्थाची दुसरी वचनं कुठे सापडतील, त्यांचे पत्ते मी देतो. अध्याय अमुक, वचन तमुक. वचनांची नातीगोती तोंडपाठ असलेला म्हातारा समजा मला.

शिशाच्या अक्षरांचे बारीक खिळे जुळवून मला छापलं. जुळवणारे हात कधीच मातीत गेले. पुढे एका पाळकांनी मला तीस वर्षं वापरलं. शनिवारी, दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाची तयारी करताना, ते बोटाला थुंकी लावून माझी पानं उलटत. त्यांच्यामागे मी वाचनालयात आलो आणि तिथे मला कुणी उघडलंच नाही. धूळ खाणं म्हणजे काय, ते मला विचारा.

वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकायला घेतली, तेव्हा एका निवृत्त मुद्रितशोधकांनी मला मागून घेतलं. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. त्यांची मुलगी दूरच्या शहरात राहायची. बायबलचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ती एक सॉफ्टवेअर बनवत होती, कुणीही फुकट वापरावं असं. त्यात तिला माझे सगळे आकडे हवे होते.

"इतका जुना आहे ना बाबा, की त्याच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. तो आता सगळ्यांचा," ती फोनवर म्हणाली.

सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, हे मी कपाटात राहून शिकलो होतो.

माझी शिवण घट्ट. स्कॅनरवर पालथा घातला की घडीजवळचे आकडे सावलीत जायचे. मुलगी म्हणाली, "शिवण उसवा." बाबांनी दोन दिवस चालढकल केली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला खिडकीपाशी घेतलं, "माफ कर रे म्हाताऱ्या," म्हणाले आणि ब्लेडने एकेक टाका कापला. पुठ्ठा एकीकडे, पानं एकीकडे. दुखलं नाही. नुसतं गार वाटलं.

यंत्राला माझे आकडे धड वाचता येईनात. आकडे इंग्रजी, त्यातल्या 3 आणि 8 यांत तर त्याचा हमखास घोळ. म्हणून मुलगी रोज संध्याकाळी सातला फोन करू लागली.

"पान चारशे बारा, तिसरी ओळ. तीन की आठ?"

"आठ. दोन्ही गाठी मिटल्यात बघ."

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलात का?", "जेवलो", "बरं", संपलं. आता तासतासभर आकडे चालत. मधेच एकदा ती म्हणाली, "आई असती तर तुम्हाला इतका वेळ बसू दिलं नसतं."

"चष्मा लपवून ठेवला असता तिने!"

दोघंही हसले. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ माझं एकच पान सरळ करत बसले.

शेवटची चाळीस पानं त्यांनी आठवड्यातच तपासून टाकली, पण लेकीला सांगितलं नाही. "व्हायचीत अजून," म्हणायचे आणि रोज दोनच पानं पाठवायचे. माझ्यासमोरच चाललं होतं हे. तीन आठवडे पुरवून पुरवून ती पानंही संपली.

तिच्या सॉफ्टवेअरमधून मी जगभर गेलो म्हणतात. इथे मात्र मी सुतळीने बांधलेला गठ्ठा होऊन टेबलावर पडलो. फोन आधी आठवड्याने, मग सवडीने. पुन्हा "जेवलात का?"

काही महिन्यांनी भरदुपारी फोन वाजला.

"बाबा, एका वाचकाने चूक कळवलीय. अनाथांबद्दलच्या वचनापुढे आपण स्तोत्र त्रेसष्ट दिलंय. ते अडुसष्ट हवं. एकट्या माणसांना घर मिळतं, ते."

बाबांचा चेहरा उतरला. "माझीच नजर चुकली असणार. थांब जरा."

सुतळीची गाठ त्यांना सुटता सुटेना. पान काढलं, त्यावर भिंग धरलं. त्रेसष्ट! अगदी ठसठशीत.

"अगं, मी नाही चुकलो! हा म्हाताराच चुकलाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शंभराहून जास्त वर्षं मी माणसांना चुकीच्या दारात पाठवत होतो. आणि एकानेही परत येऊन मला सांगितलं नव्हतं.

मुलीने तिकडे ती चूक लगेच दुरुस्त केली. मग म्हणाली, "पण बाबा, अशा आणखी असतील."

"असतील की. एकेक वचन बायबलमध्ये उघडून ताडून बघावं लागेल. दोन वर्षं तरी जातील."

"डोळ्यांना झेपेल?"

"बघू."

"मग सातला करते फोन."

आम्ही आता एकोणिसाव्या पानावर आहोत. पानं आहेत अकराशे. तिलाही कामं असतात, त्यामुळे फोन रोज येतोच असं नाही. न आला तर बाबा साडेसातपर्यंत माझ्या ओळीवर बोट ठेवून बसतात, मग पान उपडं करतात आणि एकट्याचं ताट वाढून घेतात. मी तिथेच असतो, पण माझ्याशी काय बोलणार?

तुम्ही कुठे, कोण, मला माहीत नाही. पण तुमच्या पडद्यावर माझा एखादा आकडा चुकलेला दिसला, तर एवढ्या-तेवढ्याला कशाला कळवायचं, असं म्हणू नका. कळवा. इथे फोन वाजतो.