रोडग्यातली अंगठी

आधी कणीक.

गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळायची. मळताना हातातली अंगठी काढून ठेवायची.

मी ठेवली नाही.

"कणीक मी मळतो," म्हणालो तेव्हा भागवत, कारभारी आणि वंदनानं एकमेकांकडं पाहिलं. जाफराबादपासून अर्ध्या तासावरचं फॉरेस्टचं हे रान. साग, पळस, सीताफळीची झुडपं. बारावीच्या वर्षी आम्ही चौघं इथंच आलो होतो. त्यानंतर आज.

"मळ की, राजानंद," कारभारी म्हणाला. "आता कुठं तसलं राह्यलंय?"

तसलं.

तेव्हा, अठरा वर्षांपूर्वी, भागवत म्हणाला होता, "तू लाकडं आण. कणीक आम्ही मळतो." मी लाकडं आणली होती.

मग रोडग्यांचे गोळे.

एका गोळ्यात माझी अंगठी दाबली, तोंड बंद केलं, वर अंगठ्यानं खळगा पाडला. बाकीचे गुळगुळीत. गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा आर झाला होता. सगळे त्यात पुरले, वरून गरम राख लोटली.

आता थांबायचं. थांबायची मला सवय आहे.

तेव्हा याच वेळी भागवत ओरडला होता, "माझी अंगठी!" मामानं दिलेली, सोन्याची. कणीक त्यानंच मळली होती, पण कणकेकडं कुणी पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. वंदनानं आपली पर्स मांडीवर घेतली.

माझी झडती, तेव्हाची:
शर्टाचा खिसा. पँटचे दोन्ही खिसे, उलटे करून.
मोजे.
दप्तर, मातीत रिकामं.
आईनं बांधून दिलेल्या भाकरी. त्या भागवतनं एकेक करून फाडल्या. आत लपवली असेल म्हणून.

सापडली नाही. तरी परत जाताना जीपमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, आणि मी चोर तो चोरच राहिलो. पुढं कॉलेजात, गावात. आई गेली तेव्हाही. "तू खरंच घेतली न्हाईस ना रे?" असं तिनं मला एकदा विचारलं होतं. एकदाच.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात कारभारी जेवता जेवता बोलून गेला.

"अरे, ती भागवताच्या रोडग्यातच निघाल्ती ना! दाताखाली आली. त्यानं मला डोळा मारला अन् खिशात टाकली. तुला सांगितलंच न्हाई का त्यानं?"

मी भात संपवला. घरी गेलो. मग या सहलीचं ठरवलं. फोन मीच केले.

"माझी अंगठी दिसंना," मी आता म्हणालो.

"असंल इथंच कुठं," भागवत म्हणाला.

"खिसे दाखव."

"काय गंमत करून राह्यला बे?"

"तेव्हा गंमत होती का?"

तो वंदनाकडं वळला. आता तरी ती हसेल असं त्याला वाटलं असावं. ती शाळेत शिकवते. तिचा आवाज वर्गातला निघाला. "दाखव ना, भागवत. त्यानं दाखवले होते."

भागवतची झडती:
गाडीची किल्ली. कंगवा. रुमाल. राजूरच्या गणपतीचा छोटा फोटो. शुगरच्या गोळ्या.
मोजे. हो, मोजेही.

"झालं समाधान?" तो बूट घालत म्हणाला. कान लाल झाले होते.

"न्हाई," मी म्हणालो. "पण जेवू."

राख झटकायची, रोडगा फोडायचा, वर तूप. खळग्याचा रोडगा मी अर्धा फोडून, अंगठी आतच ठेवून, भागवतच्या ताटात वाढला. तूपही मीच सोडलं.

मी मनाशी ठरवून आलो होतो. दाताखाली आली की त्यानं ती काढून दाखवावी, म्हणावं, राजा, ही बघ. एवढंच. मग मी जेवेन, सगळ्यांसोबत घरी जाईन, आणि कधीच काही बोलणार नाही.

चौथा घास. त्याचा जबडा थांबला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला काय माहीत आहे ते त्याला तेव्हा कळलं. मग त्यानं वंदनाकडं पाहिलं.

रुमाल काढला. तोंड पुसलं. रुमाल खिशात ठेवला.

आणि पुढचा घास घेतला.

मी ताट खाली ठेवलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"वंदना, त्याचा रुमाल बघ."

"राजानंद, बास आता," कारभारी पुटपुटला.

"तू तर बोलूच नको."

वंदनानं हात पुढं केला. भागवतनं खिशावर तळवा दाबून धरला. ती तशीच हात पसरून उभी राहिली, पोराकडून चिठ्ठी घ्यावी तशी. शेवटी त्यानं रुमाल दिला. तिनं उलगडला. तूप, चुरा, अंगठी.

"रोडग्यात होती!" भागवत ओरडला. "देवाशपथ, वंदना, रोडग्यात निघाली! मी घेतली न्हाई!"

"अन् त्या वेळची?" मी विचारलं.

वंदनानं कारभारीकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, आणि तिला उत्तर मिळालं.

मी अंगठी घेतली, पाण्यानं धुतली, बोटात घातली.

"आर विझून राह्यलाय," मी म्हणालो. "भागवत, तू लाकडं आण."

तो उठला आणि झाडीत गेला.