काट्यावरचा लॅपटॉप

कळंबोलीच्या लोखंड बाजारात महादेव घरत बावीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर बसत होता, आणि त्या बावीस वर्षांत त्याने एक किलोसुद्धा खोटा सांगितला नव्हता. ड्रायव्हरांनी चहा पाजून पाहिलं, शेटलोकांनी डोळे वटारून पाहिलं. महादेव आकडा बघायचा, खणखणीत आवाजात सांगायचा आणि खिडकी लावून घ्यायचा. कोन गावातल्या घरी त्याच्या बायकोचा, शकूचा, नवऱ्याच्या बाकी कुठल्याही बोलण्यावर विश्वास नव्हता. वजनावर मात्र होता.

म्हणून शनिवारी सकाळी मुलीला लॅपटॉप घ्यायला तो पनवेलला निघाला तेव्हा शकूने बजावलं, "दीड किलोच्या वर गेला तर घरात आनायचा नाय. तुमी सोता काटा करा. दोन महिने पोरीचा खांदा दुखतोय."

पोरगी, म्हणजे निशा, खारघरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. दुपारी कॉलेज असल्यामुळे बॅग खांद्याला लावूनच ती बापाबरोबर आली होती, आणि तिला हवा होता मोठा पडदा. मामेभावाच्या जुन्या तेरा इंची लॅपटॉपवर घराचा नकाशा काढताना एका वेळी एकच खोली दिसायची. परिणामी संडासाचं दार थेट देवघरात उघडलं, आणि ते निशा सोडून सगळ्या वर्गाला दिसलं. आठवडाभर ती उशीत तोंड खुपसून रडली होती. आता महिन्याभरात वर्षाचं मुख्य काम दाखवायचं होतं. पुन्हा हसू झालं तर कॉलेजला जाणार नाही, असं तिने बापाला सांगून टाकलं होतं, आणि ही पोरगी बोलेल तसं करणारी आहे हे बापाला ठाऊक होतं.

दुकानदार निकेशशेटने दोन लॅपटॉप समोर मांडले. चौदा इंची एक किलो दोनशेचा, सोळा इंची एक किलो सातशेचा.

"चार्जर धरून?" महादेवने विचारलं.

"काका, चार्जर कोणी धरत नाही."

"कोन धरत नाय? आमी ट्रकचा काटा करतो तवा काय डिझेल काढून ठेवतो?"

निकेशशेटने दोन्ही चार्जर काढून लॅपटॉपशेजारी ठेवले. निशाने पुढे होऊन सांगितलं, की छोट्याला दोनच भोकं आहेत, म्हणजे कॉलेजच्या पडद्याला जोडायला वेगळं जोडणीचं खोकं आणि वायर न्यावी लागेल. मोठ्याला सगळं अंगातच आहे. महादेवला पोरीचा अभिमान वाटला. त्याने दोन्ही लॅपटॉप चार्जर, खोकं, वायर अशा आपापल्या वरातीसकट उचलले आणि शेजारच्या जगन फरसाणवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवले. पापडी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं हसत बघत राहिली. छोटा एक किलो आठशे भरला, मोठा दोन किलो शंभर.

"तीनशे ग्रॅमसाठी एवढा तमाशा!" महादेव म्हणाला. "मग तुझा खांदा दुखतो कशानं? आन ती बॅग इकडं."

"पप्पा, नको."

पण बॅग काट्यावर गेलीसुद्धा. आत लॅपटॉप नव्हता, तरी सहा किलो भरली. महादेवने एकेक जिन्नस बाहेर काढायला सुरुवात केली. वह्या, पट्ट्या, पाण्याची बाटली; आणि तळाशी शकूचा चार खणांचा स्टीलचा डबा. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, भात, आणि चौथ्या खणात बोंबलाची चटणी. दोन किलो नऊशे.

"हे तू एकटी खातेस?"

"हॉस्टेलच्या मुली खातात," निशा खाली बघत म्हणाली. "रिकामा डबा बघून आई किती खूश होते, पप्पा. पाचला उठते ती. तिला कसं सांगू?"

तेवढ्यात शकूचा फोन वाजला. फरसाणाच्या काट्यामुळे हात तेलकट झालेले, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काटा केला? मोठा किती भरला?"

काट्यावर डब्याचा आकडा लखलखीत दिसत होता. डबा जड आहे एवढं म्हटलं असतं, तर खांद्याचा उलगडा झाला असता आणि लॅपटॉपही पास झाला असता. पण पाचला उठणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"एक किलो चारशे," महादेव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"मग खांदा कशानं दुखतो?"

"पुस्तकं लय हायत."

"आन डबा? तो पन ठेवा काट्यावर."

निशाने बापाचा दंड धरला. महादेवने घाम पुसला आणि आयुष्यातला दुसरा खोटा आकडा सांगितला. "आठशे ग्रॅम."

फोनवर शकूचा आवाज चिरका आणि रडवेला झाला. "आठशे? तुमचा काटा तर चुकत नाय. अवो, रिकामा डबाच सहाशेचा हाय! दोनशे ग्रॅमवर राहते माझी पोर? तरीच खांद्यात ताकद नाय! तुमी दोघं गप्प बसलात आन मना वाटायचं पोटभर जाते. येताना मोठा डबा घेऊन या. सहा खणांचा."

फोन बंद झाला. पापडीवालं गिऱ्हाईकसुद्धा हसायचं थांबलं.

"पप्पा, आता?" निशाने विचारलं.

महादेवने डबा परत बॅगेत कोंबला आणि बॅग आपल्या खांद्याला लावली. "निकेशशेट, मोठावाला बांधा," तो म्हणाला. मग पोरीकडे वळला. "सोमवारपास्नं कॉलेजपर्यंत मी सोडतो तुला. काट्यावर अर्धा तास उशिरा जाईन. आन चल, भांडीवाल्याकडे जाऊ. हलक्यातला हलका डबा बघ."