लाल चिठ्ठीची मोटरसायकल

भीमराव अंबरनाथच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होता. मालात केसाइतका फरक दिसला की लाल चिठ्ठी बांधायची, हे त्याचं काम. एकोणीस वर्षांत हाताला अशी सवय लागली की तो घरीही थांबेना. गेल्या उन्हाळ्यात त्याने बायकोचे, द्रौपदीचे, एकतीस पापड गोलाईत नापास केले. पापडाला चिठ्ठी बांधता येत नाही, म्हणून शेजारी ठेवली.

त्यामुळे त्याच्या मोटरसायकलचा पेट्रोलचा पाइप निसटून द्रौपदीची मोरपंखी साडी भिजली, तेव्हा ती ओरडली नाही. तिने त्याच्याच खणातली लाल चिठ्ठी काढली, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘गळते. बसणार नाही,’ आणि हँडलला बांधली.

चिठ्ठी दोन महिने लटकली. चाळीतल्या तिघांनी गाडी विकायचीय का म्हणून विचारलं.

मग शिरगावहून निरोप आला. रविवारी कुंदाच्या, म्हणजे द्रौपदीच्या बहिणीच्या, मुलीचं बारसं.

“दिनानाथ येतोय न्यायला,” द्रौपदी म्हणाली. दिनानाथ तिचा धाकटा भाऊ. “त्याची स्कूटर नवीन आहे. गळत नाही.”

भीमरावाने ताट बाजूला सारलं. ही एकदा त्या स्कूटरवर बसली की आपली मागची सीट कायमची रिकामी, हे त्याला स्वच्छ दिसलं.

शनिवारी सकाळी त्याने मखमली पेटीतला व्हर्नियर काढला, पाइपचं भोक तीनदा मोजलं आणि उल्हासनगर कॅम्प चारला जाऊन चेलारामशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पाइप आवळायची सहा मिलिमीटरची क्लिप मागितली. शेठने दिली. घरी ती पाइपवर चढेना. दुपारी भीमराव क्लिपला लाल चिठ्ठी बांधून दुकानात परत हजर.

“माल नापास आहे शेठ. मापात नाही.”

चेलारामने चिठ्ठी वाचली, क्लिप पाहिली, मग भीमरावाला पाहिलं.

“साईं, क्लिप पाइपच्या आत घालणार का बाहेर?”

भीमरावाने क्लिप पुन्हा हातात घेतली. तोफगोळे पास करणाऱ्या माणसाने बांधायचं बाहेरून आणि मोजलं होतं आतून.

“मग बाहेरून मोजून घेतो,” तो हळूच म्हणाला.

“ऐसे नहीं. आधी पाइप नळीवर चढव. चढला की फुगतो. फुगल्यावर मोज.” शेठने तसल्याच पाइपचा तुकडा एका जुन्या कार्बोरेटरच्या नळीवर बसवला आणि नुसता डोळा बारीक केला. “दस.”

भीमरावाने खिशातून व्हर्नियर काढून लावला. दहा. त्याने पुन्हा लावला. दहाच.

“ती स्क्रूवाली द्या. मजबूत दिसते.”

“वो पानी के मोटे पाइप की. पट्टीला खाचा आहेत, आवळशील तसा नरम पाइप कापेल. ही घे, तारेची.”

“ही? ही केसातली पिन आहे!”

“पिनेने कधी केस कापले का?”

भीमरावाने दोन घेतल्या, पाइपच्या दोन टोकांना दोन.

रविवारी सकाळी दिनानाथ स्कूटर घेऊन दारात आला. द्रौपदीने स्कूटरवरच बसलेल्या त्याच्या हातात चहाची कपबशी दिली, मोटरसायकलखाली वर्तमानपत्र पसरलं, पेट्रोलचा कॉक उघडला आणि समोर खुर्ची टाकून बसली.

“अक्का, बारसं अकराला आहे.”

“तपासणी चालू आहे,” द्रौपदी म्हणाली.

पाऊण तास झाला. तिने वर्तमानपत्र उचललं, उजेडात धरलं, वास घेतला. कोरडं. मग सहज तिचं लक्ष स्कूटरकडे गेलं. स्कूटरखाली फरशीवर दोन तपकिरी थेंब होते.

तिने मोटरसायकलची चिठ्ठी सोडली आणि स्कूटरच्या हँडलला बांधली.

“अगं, नवी गाडी आहे माझी!” दिनानाथ म्हणाला.

“म्हणूनच वाईट वाटतं,” असं म्हणून द्रौपदी पदर खोचून भीमरावाच्या मागे बसली.

भीमरावाने थेंब नीट पाहिले होते. त्यांच्याकडे मुंग्यांची रांग लागली होती. दिनानाथची बशी पहिल्यापासून कललेली होती.

त्याने किक मारली. दुसऱ्या निरीक्षकाच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, असा खात्याचा नियमच होता.