पाहणीसाठी नटवलेली टेकडी

मी गावाबाहेरची कचऱ्याची टेकडी बोलतेय. नाक कशाला दाबताय? शिळं-पाकं तुमच्याच घरचं आहे.

जन्माने मी खड्डा. गाड्या ओतत गेल्या आणि बघता बघता माझी टेकडी झाली. इतकं खाऊन कुणाचं पोट बिघडणार नाही? माझंही बिघडलं. पोटातून काळं पाणी झिरपायला लागलं आणि उताराने निघालं थेट मावशीच्या विहिरीकडे.

मावशी पायथ्याशी राहते, माझ्यातलं भंगार वेचून घर चालवते. घरात ती आणि तिची नात. पाण्याला ती एकच विहीर.

यावर औषध आहे. कडेने चर खणायचा आणि काळं पाणी पक्क्या टाकीत धरायचं. पण त्याला निधी लागतो. वरचे म्हणाले, आधी पर्यावरणाची पाहणी, मग पैसे. म्हटलं, या बाबांनो, सगळं उघडंच आहे!

पण आमचे मुकादम! माणूस वाईट नाही, फक्त अब्रूला जिवापेक्षा जपणारा. पाहणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मातीच्या गाड्या मागवल्या. मला नखशिखांत माती फासली, काळा ओहोळ बुजवला, त्यावर कुंड्या मांडल्या, वरून अत्तराचा फवारा. म्हाताऱ्या म्हशीला पावडर लावावी तसं!

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो मुकादम, डॉक्टरकडे जाताना कुणी ताप लपवतं का?"

"मावशी, पाहुण्यांपुढे घरातला पसारा मांडतात का? चार लोकांत नाव जाईल."

"नाव राहील हो. माझं पाणी जाईल त्याचं काय?"

साहेब आले, कुंड्यांमधून फिरले, "वा, काय टापटीप!" म्हणाले आणि गेले. निकाल आला: इथे बिघाड नाही, निधीची गरज नाही. पैसे गेले दुसऱ्या गावच्या टेकडीला. ती बिचारी होती तशी उघडी बसली होती.

"शाबासकी मिळाली!" मुकादम सांगत आले.

"आणि पैसे?" मावशीने विचारलं. मुकादमांचं तोंड एवढंसं झालं.

माती काय, घसरली. काळं पाणी पुन्हा वाहिलं आणि विहिरीत उतरलं. नातीच्या पोटात कळा येऊ लागल्या. आता मावशी लांबच्या नळावरून हंडे वाहते, गुडघे धरून चढ चढते.

वर्ष उलटलं. उद्या पुन्हा पाहणी आहे. आणि आज सकाळी बघते तर काय, मातीच्या गाड्या हजर! मला हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

मावशी आली ती तांब्या-पेला घेऊन, गाडीपुढेच उभी राहिली. "या मुकादम, उन्हातून आलात. पाणी घ्या."

त्यांनी सवयीने पेला तोंडाशी नेला. वास आला तसा हात थांबला. "हे कुठलं पाणी?"

"घरचं, विहिरीचं. उद्या साहेबांनाही हेच देणार. दारी आलेल्याला पाणी विचारायला नको? अब्रू आम्हालाही आहे."

मुकादम पेल्यात बघत राहिले. आत काळपट तवंग फिरत होता. मग मान वर न करताच ड्रायव्हरांना म्हणाले, "गाड्या परत न्या."

उद्या येणाऱ्यांनो, नाक खुशाल दाबा. मी घाण आहे, मला ठाऊक आहे. पण मावशीच्या दारात आधी जा, आणि ती देईल तो पेला नीट बघा. एकदा तरी मला घाण दिसू द्या.