हेल्गाच्या खाडीतले दोन तास

हेल्गाची खाडी नकाशावर लाल झाली, तेव्हा माझी लहानगी लेक रूना माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी एका हातानं टाइप करत होते.

लाल म्हणजे तिथले खेकडे संपत आलेत. आमच्या शेटलंडच्या बेटांवर सापळ्यांनी खेकडे धरणाऱ्या सगळ्या लहान बोटींवर दोन वर्षांपासून एक डबी बसवलीय, साबणाच्या वडीएवढी. बोट कुठं आहे ते ती मिनिटामिनिटाला कळवते. त्यावर आम्ही मत्स्यसंशोधन स्टेशनवरची माणसं संगणकाचं मॉडेल चालवतो. बोट वेगात असेल तर ती नुसती वाटेत आहे. तीन नॉटच्या खाली आली तर सापळे ओढतेय. ओढण्यात किती तास गेले आणि धक्क्यावर किती किलो खेकडे उतरले, हे ताडून पाहिलं की त्या पाण्यात किती उरलंय याचा अंदाज येतो. हेल्गाच्या खाडीत रोज साडेतीन तास ओढून हाती मात्र फार थोडं लागत होतं. मॉडेलच्या मते ती खाडी तीन वर्षं बंद ठेवायला हवी होती. गुरुवारी बोटवाल्यांची कमिटी बसणार होती, आणि कमिटी माझ्या नकाशावर विश्वास ठेवते.

त्या खाडीत एकच बोट जाते. माझ्या लॉरीमामाची.

मामा अडुसष्ट वर्षांचा आहे. बोट एकवीस फुटी, बाहेरच्या मोठ्या लाटांत तिचं काही चालत नाही. खाडी बंद झाली की बोट विकायची आणि खिडकीत बसायचं, एवढंच त्याच्यापुढं उरलं असतं. मी लहान असताना आई कामावर असली की मला शाळेतून न्यायला तोच यायचा, रबरी पिवळ्या विजारीत, आणि खेकड्यांचा वास वर्गभर पसरायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रूनाला मात्र तो वास आला की ती पाय झाडत हसते.

मी त्याला फोन लावला.

"मामा, तू खाडीत रोज साडेतीन तास करतोस तरी काय?"

"सापळे ओढतो. दुसरं काय करणार, फिडल वाजवणार?"

"एकशेवीस सापळ्यांना साडेतीन तास?"

"म्हातारा झालोय गं."

"दुसरी काही मासेमारी करतोस का? फॉर्मवर तू 'नाही' लिहिलंयस."

"नाही लिहिलंय म्हणजे नाही. खोटं लिहायला मी काय मंत्री आहे?"

"मग उद्या मी येते तुझ्याबरोबर. बघते."

"आणि ती?"

"तीही येईल. तिला ठेवू कुठं?"

मग तो म्हणाला, "टोपी घाल तिला. दोन घाल."

सकाळी पाणी तव्यासारखं सपाट होतं. रूना माझ्या छातीला बांधलेली, वर तिचं नारिंगी तरंगजाकीट. त्यातून नुसतं नाक आणि दोन गाल दिसत होते. मी घड्याळ आणि वही घेऊन बसले. मामा यंत्रानं दोर ओढायचा, सापळा काठावर आला की दार उघडून हात घालायचा, लहान खेकडे परत पाण्यात, मोठे टोपलीत, नवं आमिष आत, सापळा खाली. बोट दहा-वीस हात पुढं सरकून थांबायची, पुन्हा सरकायची. दीड तासात एकशेवीस सापळे झाले. म्हातारा झालोय म्हणे!

मग त्यानं यंत्र बंद केलं, हात धुतले, थर्मासमधून चहा ओतला, मला जाड बॅनॉक-भाकरीचा तुकडा दिला, मधे खारवलेलं मटण. आणि केबिनच्या बाजूनं दोन लांब काठ्या काढल्या. काठ्यांना दोरी, दोरीला पांढऱ्या पिसांचे गळ. इंजिन मांजरागत गुरगुरायला लागलं आणि बोट समुद्री गवताच्या कडेकडेनं निवांत निघाली. टोकाला गेली, वळली, परत आली. काठी वाकली. एका दोरीला तीन पिलटक मासे लटकत चकाकले.

"मामा, हे काय?"

"काय म्हणजे? ईला."

"ही मासेमारी नाही का?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू बाळंतपणात माझं डोकं फिरलंय. "ईला म्हणजे मासेमारी? उद्या म्हणशील आंघोळ म्हणजे पोहणं."

मला हसू आलं, ते अर्ध्यावरच थांबलं. कारण त्याचं खरंच होतं. आमच्याकडे ईलाला कुणीच मासेमारी म्हणत नाही. मासेमारी ती, जिचं वजन धक्क्यावर होतं. ईला म्हणजे काठी घेऊन संथ जाणं, चार मासे धरणं, जेवणापुरते. मी स्वतः लहानपणी कितीदा याच बोटीत बसून गेलेय. आणि मोठी झाल्यावर मॉडेलला शिकवलं काय, तर संथ म्हणजे सापळे! बाहेरून कुणी शहाणा आला असता तर एक वेळ ठीक होतं. चूक माझी होती, इथं जन्मलेल्या बाईची.

मी मामाला सगळं सांगितलं. त्याच्या ईलाचे दोन तास मॉडेल सापळ्यांत धरतं, म्हणून खाडी रिकामी दिसते.

"मग सोपंय," मी म्हणाले. "कमिटीपुढं सांगू."

"सांगायचं नाही."

"मामा!"

"सांगायचं नाही म्हटलं ना. संध्याकाळी ये माझ्याबरोबर, मग कळेल."

परत आल्यावर त्यानं मासे साफ करून सहा पिशव्या भरल्या. आम्ही त्याच्या जुन्या गाडीतून हिंडलो. प्रत्येक घरापाशी तो दबकत उतरायचा, दाराच्या कडीला पिशवी अडकवायचा, आणि दरोडा घालून आल्यासारखा पळत परत. रूनाला हा खेळ इतका आवडला की तो उतरला की ती टाळ्या पिटायची.

"दार तरी वाजव की," मी म्हणाले.

"वाजवलं तर आतल्या म्हातारीला बाहेर येऊन आभार मानावे लागतील. दोनदा मानेल. तिसऱ्यांदा म्हणेल, नको रे लॉरी, मला मासे झेपत नाहीत आता." त्यानं गाडी सुरू केली. "ज्यांच्या घरी आता बोट नाही, त्यांना मासे मिळतात. कोण देतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणी बोलत नाही. आणि तू ते कागदावर मांडणार! किती तास, किती मासे, कुणाच्या दारी. मग त्यांच्या घशाखाली उतरेल का?"

"मग बोट विकणार?"

"विकीन."

पटकन म्हणाला तो.

पुढचे तीन दिवस रूना दुपारी जेवढा वेळ झोपली तेवढा वेळ मी कामाला बसले. वहीतली मिनिटं आणि डबीनं कळवलेल्या वाटेची रेघ शेजारी ठेवली, आणि डोळ्यांसमोर होतं ते दिसलं. सापळे ओढणारी बोट सरळ रेषेत थांबत-थांबत जाते, शिवणीच्या टाक्यांसारखी. ईलाची बोट न थांबता लांबोळकी वेटोळी घालते. वेग तोच, चाल वेगळी. मॉडेलला मी चाल ओळखायला शिकवलं. मग नीट चालतंय का बघावं म्हणून सगळ्या अडतीस बोटींवर चालवलं.

चौदा बोटींच्या वाटांवर वेटोळी उमटली.

मी रूनाला उचलून तडक मामाकडं गेले. "तू एकटा नाहीस. चौदाजण आहेत."

"कोण कोण?"

"ते नाही सांगणार."

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "नावं नाही घ्यायची."

"नाही."

"दारंही नाही."

"नुसते तास, मामा. पाण्याला नावाशी काय करायचंय?"

तो तयार झाला.

गुरुवारी कमिटीचा अध्यक्ष गिडियन सुरुवातीलाच म्हणाला, "हेल्गा बंद करा. वाईट वाटतंय लॉरीसाठी, पण आकडे आकडे असतात. नियम केला तर सगळ्यांना सारखा." गिडियन दांडगा माणूस, आवाज भोंग्यासारखा, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडत नाही.

मी नकाशा भिंतीवर लावला. बोटींची नावं नव्हती. सापळे काळ्या टाक्यांत, ईला निळ्या वेटोळ्यांत. आधी खोकल्याचा आवाज आला, मग खुर्च्या पुढं सरकल्या. बोटीला नाव नसलं तरी आपापलं पाणी सगळ्यांना ओळखू येत होतंच.

"ती पश्चिमेची बोट बघा," मागून कुणीतरी म्हणालं. "आठवड्याला नऊ तास ईला! कोण गं एवढा रिकामटेकडा?"

गिडियनचे कान लाल झाले. "तिकडं... वारा बरा असतो," तो म्हणाला, आणि अख्खी खोली हसली.

जेमायमा, कमिटीतली एकुलती एक बोटवाली, हसता हसता म्हणाली, "तरीच आमच्या सासूबाईंच्या दाराला शनिवारी..." आणि जीभ चावून छताकडं बघत बसली. कुणीही तिला पुढं विचारलं नाही.

ईलाचे तास बाजूला काढल्यावर हेल्गाची खाडी लाल राहिली नाही. पण हिरवीही झाली नाही. पिवळी निघाली. मी ती तीनदा मोजली होती. तिन्ही वेळा पिवळीच. एकशेवीस सापळे तिला जड होत होते, ऐंशी पेलले असते. मी तसंच सांगितलं. हात वर झाले. खाडी उघडी, सापळे ऐंशी.

मामा माझ्याकडं वळला. "ऐंशी?"

"ऐंशी."

"तू माझीच भाची ना?"

"लाल असती तर लालच सांगितली असती, मामा."

"सांगितली असतीस," तो म्हणाला. "आईवर गेलीयस." आणि रूनाला माझ्याकडून ओढून घेऊन तिचं नाक आपल्या बाहीला पुसलं.

मग गिडियननं मुद्दा काढला की पुढच्या फॉर्मवर ईलासाठी रकाना हवा, म्हणजे मॉडेल चुकणार नाही. रकान्याचं नाव काय? 'इतर मासेमारी' म्हटलं तर सगळे एकदम ओरडले, ती मासेमारी नाही म्हणून. 'वाटप' म्हटलं तर त्याहून जोरात ओरडले. पाऊण तास भांडण चाललं. शेवटी ठरलं की रकाना ठेवायचा, त्यात मिनिटं लिहायची आणि वर काहीच लिहायचं नाही.

सोमवारी मामानं चाळीस सापळे पाण्यातून काढले. मी धक्क्यावर त्यांची रास लावू लागले. रूना दोरांच्या वेटोळ्यात बसून एक वाळकी खेकड्याची नांगी चोखत होती. मी ती काढून घेतली, तिनं भोकाड पसरलं, मामानं माझी नजर चुकवून दुसरी दिली.

"पुढच्या वर्षी हिरवी झाली तर हे चाळीस परत?" त्यानं विचारलं.

"झाली तर."

"आणि नाही झाली तर?"

"आणखी वीस कमी."

त्यानं मान हलवली. राशीवर ताडपत्री ओढली, दोर चारी बाजूंनी फिरवून घट्ट आवळला, आणि शेवटी एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारली.