माझे चार पाय गेले, सुटलो

मी साप बोलतोय. बिळातला नाही, व्हिडिओ गेममधला. मला चावता येत नाही, तेव्हा बिनधास्त जवळ या.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. धाकटीने मला रंगवलं, हिरवं अंग आणि पिवळे पट्टे. तिच्या दादाने माझा कोड लिहिला. त्याआधी त्याने 'प्राणी' नावाचा एक मूळ साचा केला होता. कोल्हा, कासव, मी, सगळी त्या साच्याचीच लेकरं. साच्यात जे असेल ते आम्हाला आपोआप मिळायचं. आणि दादाने घाईघाईत साच्यातच चार पाय लिहून टाकले होते.

त्यामुळे मी पडद्यावर पहिल्यांदा आलो तो टपटप चालत.

"दादा, ही पाल झाली," धाकटी म्हणाली.

"अगं, पाय लपवतो ना. एका ओळीचं काम."

पाय लपले, पण वाळूवर पावलं उमटतच राहिली. पावलं पुसली, तर टपटप ऐकू येत राहिली. ती बंद केली, तर कोल्ह्याची पावलंही मुकी झाली. चूक झाकायला माणसं किती राबतात.

दुपारी गेम विकणाऱ्या एका कंपनीची बाई तो बघायला येणार होती. तिला आवडला तरच तो बाजारात जाणार होता. दादा वैतागला. "सापच उडवतो. कुणाला कळणारेय?"

माझ्या अंगात रक्त असतं तर गोठलं असतं.

"मला कळेल," धाकटी म्हणाली. "चूक तुझ्या साच्याची आणि घराबाहेर तो? बाबांशी भांडताना तूच म्हणायचास ना, माझं मला ठरवू द्या?"

"अगं, सगळेच प्राणी परत लिहावे लागतील."

"मग लिहू. सरक तिकडे."

तिने साच्यातले पाय काढून टाकले. आता साचा आम्हाला एवढंच सांगतो, स्वतःचं चित्र काढा. कसं, ते ज्याचं त्याने बघावं. कोल्ह्याने आपले पाय घेतले, कासवाने कवच. मी पोटावर पडलो आणि सरपटलो. वाळूत एकच वळणदार रेघ उमटली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

बाई आली, खेळू लागली. गवतातून मी पुढे आलो, तशी ती दचकली आणि तिने पाय खुर्चीवर घेतले.

"हा ठेवा हं," ती म्हणाली. दादाने मघापासून धरलेला श्वास सोडला.

आता मी कितीतरी पडद्यांवर मजेत सरपटतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात नवं लेकरू आलं, की त्याला पाय चिकटवायची घाई करू नका. त्याला चालायचंय की सरपटायचंय, ते आधी बघा.